सहा तासांचे औषध आणि चारशे किलोमीटरचा रस्ता

मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणून मिळालेली ओळख कालपरवाची नाही. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या प्रवाशांत सीमेपलीकडून, कर्नाटकातून, उपचारासाठी आलेली माणसे आजही हमखास दिसतात. येथील डॉक्टरांच्या हातगुणावर दोन राज्यांतील लोकांचा विश्वास आहे. अशा गावातही एक औषध असे आहे की जे कोणत्याही औषधविक्रेत्याला कपाटात साठवून ठेवता येत नाही, कारण ते दर सहा तासांनी निम्मे होते. हे औषध म्हणजे टेक्नेशियम-९९एम. ते ज्या अणुभट्टीत जन्माला येते ती सार्वजनिक पैशाने बांधली जावी, आणि तिच्यातून निघणाऱ्या मालाचा ठरावीक वाटा जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवण्याचे बंधन कागदोपत्री असावे, एवढेच मला म्हणायचे आहे. ही मागणी वरवर पाहता तांत्रिक वाटेल. पण अणुभट्टीतील किरणोत्सारी मूलद्रव्याचा आणि आटपाडीच्या एखाद्या रुग्णाचा संबंध नेमका कसा आहे हे पाहिले, की ती सार्वजनिक आरोग्याचीच मागणी आहे हे लक्षात येते.

टेक्नेशियम हे ४३ वे मूलद्रव्य. पृथ्वीच्या पोटात ते जवळजवळ सापडतच नाही, ते तयारच करावे लागते. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून १९३७ मध्ये कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांनी इटलीतील पालेर्मो येथे ते प्रथम वेगळे केले. त्याचे ९९एम हे रूप वैद्यकाच्या कामाचे ठरले, कारण त्यातून निघणारा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण शरीरातून सहज बाहेर पडतो, गॅमा कॅमेऱ्याला नीट पकडता येतो, आणि रुग्णाच्या पेशींना फारसा त्रास देत नाही. फॉस्फेटसारख्या संयुगाला जोडले तर ते हाडांत जाते, सेस्टामिबीला जोडले तर हृदयाच्या स्नायूत, डीएमएसएला जोडले तर मूत्रपिंडात. जगात दरवर्षी तीन कोटींहून अधिक तपासण्या याच्या आधाराने होतात, आणि अणुवैद्यकातील निदानाच्या दर पाच तपासण्यांमागे सुमारे चार याच्याच असतात.

सहा तासांच्या अर्धायुकालाचा हिशेब रस्त्यावर मांडला तर तो असा निघतो. मुंबईहून शुद्ध टेक्नेशियमची बाटली गाडीत घालून निघाले, तर घाट आणि टोलनाके धरून आठ तासांनी सांगलीत पोहोचेपर्यंत तिच्यातील किरणोत्सार चाळीस टक्क्यांवर आलेला असतो, आणि रुग्ण टेबलावर येईपर्यंत तोही घसरतो. म्हणून प्रत्यक्षात टेक्नेशियम पाठवतच नाहीत, त्याची आई पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ चा अर्धायुकाल ६६ तासांचा आहे आणि क्षय होताना ते टेक्नेशियमला जन्म देत राहते. शिशाच्या जाड कवचात बसवलेल्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) लहानशा स्तंभावर हे मॉलिब्डेनम चिकटवलेले असते. वरून सलाइन सोडले की मॉलिब्डेनम जागचे हलत नाही, तेवढे टेक्नेशियम धुऊन खालच्या निर्वात बाटलीत उतरते. या उपकरणाला जनरेटर म्हणतात. सकाळी त्यातून सगळे टेक्नेशियम काढून घेतले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पुन्हा जवळजवळ पूर्ण भरलेले असते. वारणेच्या किंवा कृष्णेच्या काठच्या माणसाला गोठ्यातील धारेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही, आणि जगभरचे तंत्रज्ञही या यंत्राला गायच म्हणतात. मात्र ही धार काढली की लगेच इंजेक्शन भरता येत नाही. आधी बाटली शिशाच्या भांड्यात ठेवून मोजणी करायची, टेक्नेशियमबरोबर मॉलिब्डेनम झिरपले नाही ना हे पाहायचे, ॲल्युमिनियमचा अंश तपासायचा, मग ते त्या त्या अवयवाच्या किटमध्ये घालायचे, आणि किती वाजता किती मिलीक्युरी (हे किरणोत्साराचे माप) होते ते वहीत टिपायचे. ही सगळी कामे करणारा माणूस छातीवर किरणमापनाचा बिल्ला लावून पहाटेच कामाला लागलेला असतो, कारण दुपारच्या रुग्णासाठी उरणारा किरणोत्सार सकाळच्या घड्याळावर अवलंबून असतो.

जनरेटरलाही वय असते. सोमवारी आलेल्या जनरेटरमध्ये पुढच्या सोमवारी मूळ किरणोत्साराच्या सतरा टक्केच उरतात. म्हणजे ज्या रुग्णालयाला ही सेवा चालवायची आहे त्याला दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याला, नवा जनरेटर लागतो. एखादा हप्ता चुकला की विभागातील कोट्यवधी रुपयांचा कॅमेरा नुसता उभा राहतो. मोठ्या शहरातील रुग्णालये शेजारच्या रुग्णालयाकडून धार मागून वेळ निभावून नेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शेजारच नसतो.

याचा परिणाम नेमका कोणावर होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. स्तनाच्या कर्करोगात गाठ काढताना काखेतील लसिकाग्रंथी काढाव्यात की नाही, हा शल्यविशारदापुढचा मोठा प्रश्न असतो. सगळ्या ग्रंथी सरसकट काढल्या तर अनेक बायकांचा तो हात पुढे कायमचा सुजतो आणि जड होतो. द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या किंवा ऊस बांधणाऱ्या बाईचा हात सुजणे म्हणजे तिची मजुरी जाणे. शस्त्रक्रियेच्या आधी गाठीजवळ टेक्नेशियमयुक्त कलिल द्रव्याचे लहानसे इंजेक्शन दिले, तर ते लसिकावाहिनीतून पहिल्या ग्रंथीपर्यंत जाऊन थांबते. शल्यविशारद हातातील शोधक नळी फिरवतो, आवाज वाढला की तीच ग्रंथी काढून तपासायला पाठवतो, आणि ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या ग्रंथींना हात लावत नाही. निळ्या रंगाने हे काम होते, पण दोन्ही वापरले तर खात्री वाढते. लागणारे टेक्नेशियम एक मिलीक्युरीच्या आसपास, म्हणजे हाडांच्या स्कॅनला लागते त्याच्या विसाव्या हिश्शाएवढे. ते हाताशी नसले तर पर्याय दोनच उरतात: निळ्या रंगावर भागवायचे, किंवा रुग्णाला पुण्या-मुंबईला पाठवायचे. हाडांच्या स्कॅनचेही तेच. हाताच्या शिरेत इंजेक्शन, मग सुमारे तीन तास भरपूर पाणी पीत थांबणे, आणि अर्धा तास कॅमेऱ्याखाली पडून राहणे, एवढीच ती तपासणी. पण ती परगावी करायची म्हटली की जत तालुक्यातील कुटुंबाचे दोन दिवस, दोन माणसांचा प्रवास आणि मुक्काम अंगावर येतो.

आता हे मॉलिब्डेनम-९९ येते कोठून, याकडे वळू. अणुभट्टीत ते दोन वाटांनी बनवता येते. निसर्गातील मॉलिब्डेनममध्ये ९८ वस्तुमानांकाचा आयसोटोप, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, सुमारे २४ टक्के असतो. मॉलिब्डेनम ऑक्साइड भट्टीत ठेवले तर त्यातील ९८ ला एक न्यूट्रॉन चिकटून ९९ तयार होतो. ही वाट सरळ, स्वच्छ आणि कचरा कमी करणारी. पण ९८ ची न्यूट्रॉन पकडण्याची ओढ फारच क्षीण असल्यामुळे बहुतांश मॉलिब्डेनम तसेच राहते. हा निरुपयोगी भार ॲल्युमिनाच्या लहान स्तंभावर मावत नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी यावर उपाय काढले, मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे करण्याची पद्धत देशात दीर्घकाळ वापरली, आणि झिर्कोनियम मॉलिब्डेटच्या जेलचा जनरेटरही तयार केला. दुसरी वाट विखंडनाची. युरेनियम-२३५ चे लक्ष्यपत्रे भट्टीत काही दिवस ठेवले की दर शंभर विखंडनांमागे सुमारे सहा मॉलिब्डेनम-९९ निर्माण होतात, आणि रासायनिक क्रियेने ते वेगळे काढले की त्यात दुसरे मॉलिब्डेनम जवळजवळ नसते. आजचे सुटसुटीत जनरेटर याच मालावर चालतात. किंमत मात्र वेगळ्या रूपाने चुकवावी लागते: युरेनियमचा बहुतांश भाग आणि विखंडनाची इतर अपत्ये कचरा म्हणून सांभाळावी लागतात, आणि सारी रासायनिक प्रक्रिया जाड काँक्रीटच्या भिंतींआड यांत्रिक हातांनी करावी लागते.

या दुसऱ्या वाटेवर जग किती मोजक्या भट्ट्यांच्या भरवशावर चालते, हे कॅनडातील चॉक रिव्हर येथे जे घडले त्यातून कळते. तेथील एनआरयू ही भट्टी १९५७ ची. तिची जागा घेण्यासाठी मेपल नावाच्या दोन भट्ट्या एका खासगी कंपनीसाठी बांधण्यात आल्या. त्या केवळ वैद्यकीय आयसोटोपसाठीच होत्या आणि दोन मिळून जगाची गरज भागवतील अशी जाहिरात झाली होती. बांधून तयार झाल्यावर चाचणीत असे आढळले की शक्ती वाढवली की अभिक्रिया आपोआप मंदावण्याऐवजी किंचित वाढते, म्हणजे आराखड्यात गृहीत धरले होते त्याच्या उलट. कारण सापडेना. अनेक वर्षे आणि अफाट पैसा खर्चून मे २००८ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, आणि सरकारी संस्था व खासगी भागीदार कोर्टकज्ज्यांत अडकले. त्याआधी नोव्हेंबर २००७ मध्ये जुनी एनआरयू बंद ठेवावी लागली होती, कारण भूकंपात टिकतील अशा आपत्कालीन वीजजोडणीचे पंप नियामकाला दाखवता येत नव्हते. रुग्णालयांत टंचाई झाली तेव्हा डिसेंबरमध्ये कॅनडाच्या संसदेने खास कायदा करून नियामकाला बाजूला सारले आणि भट्टी सुरू केली, आणि जानेवारी २००८ मध्ये नियामक मंडळाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रसंगाची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही, ती घ्यायला हवी. टंचाई आली की सुरक्षिततेचा नियमच आडकाठी वाटू लागतो, आणि लोकशाही देशाची संसदही रुग्णांच्या नावाने तो बाजूला करते. पुरवठ्यात राखीव क्षमता नसणे हा केवळ व्यापाराचा प्रश्न नाही, तो अणुसुरक्षेचा प्रश्न आहे. पुढे मे २००९ मध्ये त्याच एनआरयूच्या पात्रातून जड पाणी गळताना आढळले, आणि दुरुस्तीला ऑगस्ट २०१० उजाडला. त्याच काळात नेदरलँड्समधील पेटन येथील १९६१ ची भट्टीही दुरुस्तीसाठी काही महिने बंद होती. जगाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग पुरवणाऱ्या दोन भट्ट्या एकदमच थांबल्या, आणि एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील विमाने थांबली तेव्हा उरलासुरला मालही अडकला. एनआरयू २०१८ मध्ये कायमची बंद झाली. पेटनची भट्टी अजूनही जगाचा मोठा आधार आहे, आणि तिचेही वय बोलू लागले आहे. २०२२ च्या आरंभी आणि पुन्हा २०२४ च्या उत्तरार्धात तिच्या अडचणींमुळे पुरवठा डळमळला.

आपल्याकडे पाया भक्कम आहे. ट्रॉम्बे येथील संशोधन अणुभट्ट्यांपैकी अप्सरा १९५६ मध्ये सुरू झाली, सायरस १९६० मध्ये, ध्रुव १९८५ मध्ये. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३ पासून या शाखेतील माणसे घडवली, आणि विकिरण व आयसोटोप तंत्रज्ञान मंडळ म्हणजे ब्रिट १९८९ पासून हा माल रुग्णालयांना पुरवते आहे. पण सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली, आणि १०० मेगावॉटची ध्रुव वयाने चाळिशीत असून तिच्यावर संशोधनाचा आणि इतर कामांचाही भार आहे. २०१८ मध्ये नव्या रूपात आलेली अप्सरा-यू दोन मेगावॉटची, म्हणजे हातभार लावेल, सगळा भार पेलणार नाही. विखंडनातून मिळणारे मॉलिब्डेनम मोठ्या प्रमाणावर आयात होते. आयातीतील गंमत अशी की या व्यापारात ‘सहा दिवसांची क्युरी’ हे मापच रूढ आहे: कारखान्यातून निघाल्यावर सहा दिवसांनी जेवढा किरणोत्सार उरेल तेवढ्याचे पैसे. सहा दिवसांनी बावीस टक्के उरतात, म्हणजे एक क्युरी हाती यावी म्हणून साडेचार क्युरी बनवावी लागते. युरोपात किंवा दक्षिण आफ्रिकेत बनलेला माल मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत त्याचा बराचसा भाग हवेतच विरलेला असतो, आणि त्यानंतर तो मिरजेच्या रस्त्याला लागतो. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, तेव्हा ही वाट एका रात्रीत बंद होऊ शकते हे सर्वांनी पाहिले.

बहुधा त्याच अनुभवातून मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी वैद्यकीय आयसोटोपसाठी स्वतंत्र संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली. घोषणा योग्यच होती. तिच्यातील एक कलम मात्र मला खटकते: ही भट्टी सार्वजनिक-खासगी भागीदारीतून व्हावी असे ठरले. त्या घोषणेला बरीच वर्षे लोटली, आणि त्या भट्टीतून आलेल्या जनरेटरने एकाही रुग्णाची तपासणी झालेली नाही. अणुभट्टी बांधायला वेळ लागतो हे मान्य. पण भागीदार शोधण्यात जाणारा वेळ हा काँक्रीट वाळण्याचा वेळ नव्हे.

भागीदारीला माझा विरोध तत्त्वाचा नाही, हिशेबाचा आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने २००९ च्या टंचाईनंतर या व्यवसायाचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की भट्टीत लक्ष्य ठेवण्याचे शुल्क खर्च भरून निघण्याइतकेही नव्हते. सरकारांनी संशोधनासाठी बांधलेल्या भट्ट्यांत आयसोटोपचे काम जोडधंद्यासारखे चालत आले, आणि म्हणून नव्या भट्टीत पैसा घालायला कोणी पुढे आले नाही. त्याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट पुढे आली: रुग्णाच्या तपासणीच्या एकूण खर्चात भट्टीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. म्हणजे भट्टीने शुल्क चौपट केले तरी रुग्णाच्या बिलात तो फरक चहापाण्याएवढा. तेव्हा ‘खासगी उद्योग आला तर स्वस्त होईल’ या युक्तिवादात दम नाही, आणि ‘सरकारने चालवले तर तोटा होईल’ या भीतीतही नाही. योग्य शुल्क लावले तर सरकारी भट्टीही आपला चालू खर्च काढू शकते. अडचण किमतीची नसून जोखमीची आहे. दहा वर्षे पैसा अडकवायचा, शेवटी मेपलसारखा आराखड्यातील एखादा हिशेब उलटा निघाला तर सगळे बुडवायचे, आणि सगळे सुरळीत झाले तरी दुसरी भट्टी बंद पडेल तेव्हा उपयोगी पडावी म्हणून आपली काही क्षमता मुद्दाम रिकामी ठेवायची. ही रिकामी ठेवलेली क्षमता हाच पुरवठ्याचा खरा प्राण आहे, आणि तिचे पैसे कोणताही भागधारक देणार नाही. नेदरलँड्सने पेटनच्या जुन्या भट्टीच्या जागी पॅलास ही नवी भट्टी घेतली, तेव्हा आधी खासगी भांडवल शोधून पाहिले, आणि शेवटी सरकारी तिजोरीच उघडावी लागली. साताऱ्याच्या माणसाला तर हे परदेशातून शिकण्याची गरज नाही. डोंगर पोखरून पाणी पश्चिमेला वळवणारा कोयना प्रकल्प कोणा सावकाराने नफ्याचा अंदाज करून उभारलेला नाही.

जनरेटर जुळवणे, किट बनवणे, शीतसाखळीसारखी वाहतूक चालवणे, सायक्लोट्रॉन उभारणे, हे खासगी उद्योगाने खुशाल करावे. तेथे स्पर्धेने भले होईल. भट्टी आणि तिला लागून असणारी रासायनिक प्रक्रिया मात्र सार्वजनिक हाती असावी.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पेट (पीईटी) स्कॅन, म्हणजे दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यांवर चालणारे नवे चित्रण, आला, आता टेक्नेशियमचे दिवस भरले, मग भट्टीवर एवढा खर्च कशाला? पेट स्कॅन अनेक कर्करोगांत अधिक बारीक चित्र देतो हे खरे. पण त्यात प्रामुख्याने वापरला जाणारा फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांत निम्मा होतो. पुण्याच्या सायक्लोट्रॉनमधून निघालेला डोस चार तासांनी सांगलीत आला तर पाचवा हिस्सा उरतो. जवळ सायक्लोट्रॉन असेल तेथे हे परवडते; प्रत्येक जिल्ह्यात तो उभारणे आणि चालवणे आज शक्य नाही. शिवाय गॅमा कॅमेरा पेट यंत्राहून कितीतरी स्वस्त, आणि लहान मुलाच्या मूत्रपिंडावर व्रण आहे का, हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडते, हे पाहण्यासाठी टेक्नेशियम आजही पुरेसे आणि चांगले आहे. सायक्लोट्रॉनमध्ये मॉलिब्डेनम-१०० वर प्रोटॉनचा मारा करून थेट टेक्नेशियम बनवण्याचे तंत्र कॅनडाने सिद्ध केले आहे. पण तेथेही सहा तासांचे घड्याळ चालूच राहते. मोठ्या शहरासाठी ते ठीक, मिरजेसाठी जनरेटरच.

आणि भट्टी केवळ टेक्नेशियमसाठी नसते. उपचाराचे आयसोटोप बहुतांशी न्यूट्रॉनांतूनच येतात. थायरॉइडसाठीचे आयोडीन-१३१ टेल्युरियमपासून बनते; त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा असल्याने ते लांबचा रस्ता सोसते, आणि देशात बनलेले आयोडीन जिल्ह्याच्या गावीही मिळू शकते. ल्युटेशियम-१७७ हे तर आजचे सर्वांत आशादायक उदाहरण. ल्युटेशियम-१७६ न्यूट्रॉन इतक्या उत्सुकतेने पकडतो, की मॉलिब्डेनममध्ये जी अडचण आली ती येथे येतच नाही. ध्रुवमध्ये ते बनते, भारतीय रुग्णालयांत वापरले जाते, आणि पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर व काही दुर्मीळ गाठींवर त्याने रुग्णांना दिलासा मिळतो. पाश्चात्त्य कंपन्यांच्या किमतीत हा उपचार येथील किती कुटुंबांना झेपला असता, हे सांगायला नको. कोबाल्ट-६० चे स्रोत कर्करोगाच्या किरणोपचाराबरोबरच मसाले निर्जंतुक करण्यासाठी वापरले जातात. वाशीच्या विकिरण केंद्रात २००० पासून हे काम चालते, आणि सांगलीच्या हळदीला परदेशी बाजारात जंतूंच्या निकषांवर टिकायचे असेल तर ही सोय तिच्याही उपयोगाची आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरचे जोड तपासणारा इरिडियम-१९२ हाही भट्टीतूनच येतो.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण किरणोत्सार म्हटले की लोकांच्या मनात धास्ती बसते, आणि ती सर्वस्वी अडाणीपणाची नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. ते उपकरण एका विद्यापीठाने भंगारात काढले होते. पण कोबाल्टचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचा, टेक्नेशियमचा सहा तासांचा. तीन दिवसांत टेक्नेशियमचा किरणोत्सार मूळच्या चार हजाराव्या हिश्शावर येतो. दोघांना एकाच भीतीने तोलणे बरोबर नाही. धोका खरा आहे तो भट्टीजवळच्या युरेनियमयुक्त कचऱ्याचा, आणि म्हणूनच हे काम ज्यांना अनेक दशकांचा सराव आहे अशा जागी, कडक देखरेखीखाली व्हावे. उत्साहाच्या भरात कोणी ‘आमच्या जिल्ह्यातच भट्टी आणा’ म्हणू लागला तर त्याला कोयनेचा डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवून द्यावा. भट्टी समुद्रकाठी, अणुशास्त्रज्ञांच्या वसाहतीजवळ असावी. येथे हवी ती शिशाच्या विटांनी बांधलेली छोटी प्रयोगशाळा, एक गॅमा कॅमेरा, प्रशिक्षित तंत्रज्ञ, विकिरण सुरक्षा अधिकारी, आणि दर आठवड्याला ठरल्या वारी येणारा जनरेटर.

माणसांची टंचाईही लहान नाही. परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळाची, त्यासाठी पात्र डॉक्टर आणि अधिकारी, आणि तसे लोक मोठ्या शहरांत चांगल्या पगारावर थांबतात. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी हा विभाग आणि त्याचा तंत्रज्ञ अभ्यासक्रम एकत्र सुरू केला, तर निदान तंत्रज्ञ तरी येथेच घडतील.

भट्टीच्या करारात काय लिहिले जाते, याकडे मात्र आत्ताच लक्ष द्यायला हवे, कारण करार झाल्यावर त्यात कलमे घुसवता येत नाहीत. उत्पादनाचा किती हिस्सा महानगरांबाहेरील शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांसाठी राखून ठेवला जाईल, जनरेटरचा दर कोण आणि कोणत्या आधारावर ठरवेल, निर्यातीचा भाव चढा असला तरी देशातील आठवड्याचा पुरवठा आधी पूर्ण करण्याचे बंधन असेल का, आणि भट्टी दुरुस्तीला बंद असताना ध्रुव किंवा परदेशी पुरवठादार यांच्याकडून माल आणण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न सांगली आणि साताऱ्याच्या खासदारांनी संसदेत लेखी विचारावेत, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत निविदेच्या मसुद्यावर हरकत नोंदवून ठेवावी.